सकाळी साडेसहाची पाठ

सकाळी ६.३०

जाग आली की आधी पाठ तपासायची, घड्याळ नंतर. पलंगाच्या कडेला बसून हळूच पुढे वाकायचं, मग डावीकडे, मग उजवीकडे. कंबर कुठे अडते, कालच्यापेक्षा जास्त की कमी, याची मनात नोंद करायची. फिजिओ पाऊण तासाने हाच प्रश्न विचारणार आहे, आणि त्याला खरं सांगायचं की थोडं कमी करून सांगायचं, हा खेळाडूचा दिवसातला पहिला निर्णय.

जुलै महिना आहे, गाव बुडापेस्ट. विम्बल्डनचं हिरवळ-प्रकरण नुकतंच आटोपलंय आणि इथे लाल मातीवरची महिलांची स्पर्धा चालू आहे. २००९ आणि २०१०, लागोपाठ दोन वर्षं ही स्पर्धा हंगेरीच्याच आग्नेश सावॉयने जिंकली. तिकडे तिला सगळे ‘आगी’ म्हणतात. पुढे जो दिवस मांडतोय तो कॅलेंडरमधली एक ठरावीक तारीख नव्हे. टूरवरच्या कुठल्याही महिला टेनिसपटूचा दिवस थोड्याफार फरकाने असाच जातो. त्या दिवसात सावॉयची कारकीर्द कुठे कुठे बसते, ते बघायचंय. माझा रोख सुरुवातीलाच सांगून टाकतो: आपल्याला तिचे कोर्टावरचे दोन तास आठवतात, पण तिची कारकीर्द घडली आणि मोडली ती उरलेल्या बावीस तासांत.

सकाळी ७.१५

फिजिओचं टेबल. पालथं झोपायचं, तो अंगठ्याने मणक्याच्या दोन्ही बाजू चाचपत खाली येतो.

सर्व्हिस करताना शरीर काय करतं ते एकदा नीट पाहा. चेंडू वर जातो, गुडघे वाकतात, पाठ मागे कमानीसारखी ताणली जाते आणि त्याच क्षणी कंबर बाजूला पिळली जाते. मागे वाकणं आणि पिळणं ही दोन्ही कामं एकाच वेळी कमरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांच्या वाट्याला येतात. तीन सेट चाललेल्या सामन्यात हे शंभराच्या आसपास वेळा होतं, सराव वेगळाच. त्यात सावॉयचा हुकमी फटका दोन हातांचा बॅकहँड, तोही सरळ रेषेत, डाउन द लाइन. त्याची सगळी ताकद धड फिरवण्यातून येते. जो फटका तिला सामने जिंकून देत होता, त्याची किंमत पाठ मोजत होती.

पाठीने पहिली ठळक सूचना दिली ती ऑगस्ट २००७ मध्ये, न्यू हेवनला. वय अठरा. पात्रता फेरीतून आलेली मुलगी थेट अंतिम सामन्यात पोचली होती आणि स्वेतलाना कुझ्नेत्सोवाविरुद्ध पहिला सेट ६-४ असा जिंकूनही बसली होती. दुसऱ्या सेटमध्ये ०-३ असताना कमरेच्या दुखण्याने सामना सोडावा लागला. त्यानंतर लगेच अमेरिकन ओपनमध्ये ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. अठराव्या वर्षी शरीर असं लगेच सावरतं, त्यामुळे त्याने दिलेली सूचना कुणी मनावर घेत नाही. मीही त्या वेळी तिच्या जागी असतो तर घेतली नसती.

सकाळी ८.००

नाश्ता. ओट्स, अंडी, केळं. यात सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी ९.००

सरावासाठी कोर्ट मिळणं हे वेगळंच राजकारण असतं. आदल्या संध्याकाळी प्रशिक्षकाने नाव नोंदवायचं, मोठ्या मानांकनाच्या खेळाडूंना आधी पसंती, बाकीच्यांनी दोघीदोघींत एक कोर्ट वाटून घ्यायचं.

कोर्टावर माणसं सकाळपासून राबत असतात. लाल माती म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक पूड. तिचा जेमतेम थर खालच्या चुनखडीच्या थरावर पसरलेला असतो. रात्री आणि सकाळी पाणी मारायचं, मग रुंद जाळी ओढत गोल गोल फिरायचं, शेवटी ब्रशने रेषा झाडायच्या. पाणी कमी पडलं तर माती उडते आणि पाय सटकतो. जास्त झालं तर चेंडू जड होतो. दुपारी ऊन तापलं की हीच माती वेगवान होते, चेंडू खांद्याच्या वर उसळतो. स्थानिक मुलीला हे सगळं तळपायांना माहीत असतं. घरच्या स्पर्धेचा खरा फायदा टाळ्यांपेक्षा इथे आहे, असं माझं मत.

आधी रबरी पट्ट्या, दोरीवरच्या उड्या, ताणण्याचे व्यायाम, मग पाऊण तास नॉकिंग. मॅचच्या दिवशी सरावात नवीन काही शिकायचं नसतं. फटक्यांना उजळणी द्यायची आणि पाठीला जाग आणायची, बस.

सावॉयचा जन्म दक्षिणेकडच्या किश्कुनहालाशचा, २९ डिसेंबर १९८८ चा. ती वाढली जवळच्याच शोल्टवाडकेर्टमध्ये. डॅन्यूब आणि टिसा या नद्यांमधला हा वाळूचा सपाट मुलूख, द्राक्षमळ्यांचा. किश्कुनहालाश तिथल्या हातविणीच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. राजधानीतल्या जुन्या क्लबांपासून दूरच्या अशा गावातून आलेली ही मुलगी २००५ साली, सोळाव्या वर्षी, फ्रेंच ओपनच्या मुलींच्या गटात एकेरी जिंकली. दुहेरीही जिंकली, आणि त्याच जोडीदारणीबरोबर पुढच्याच महिन्यात विम्बल्डनची मुलींची दुहेरी. जोडीदारीण बेलारूसची होती, व्हिक्टोरिया अझारेंका. ते नाव पुढे परत येईल.

सकाळी १०.३०

गटिंगवाल्याकडे, म्हणजे तारा बसवणाऱ्याकडे, रॅकेट पोचवायची वेळ. स्पर्धेच्या तंबूत त्याचं यंत्र दिवसभर चालू असतं. रात्री दिलेल्या रॅकेट सकाळी परत घ्यायच्या, आणि आज ऊन किती आहे ते बघून दोन रॅकेट एखाद किलो जास्त ताणून मागायच्या. तार घट्ट असेल तर चेंडूवर ताबा राहतो, सैल असेल तर तो जास्त उडतो. गरम हवेत चेंडू आधीच उडत असतो, म्हणून घट्ट. बॅगेत सहा-सात रॅकेट असतात, आणि खेळाडू तळहातावर तार आपटून आवाजावरून सांगते की यातली तिसरी चुकलीय. गटिंगवाल्याला हे पटत नाही. तो मोजून दाखवतो. बहुतेक वेळा खेळाडूच बरोबर निघते.

सकाळी ११.०० ते दुपारी १.३०

वाट बघणं. टूरवरच्या कामाचा सर्वांत मोठा भाग हाच, आणि याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. फलकावर लिहिलेलं असतं की अमुक कोर्टावर अकराला पहिला सामना, ‘त्यानंतर’ दुसरा, ‘त्यानंतर’ तिसरा. आपला तिसरा. पहिले दोन सामने दोन तासांत संपतील की पाच, कुणाला ठाऊक? केव्हा जेवायचं? पोट भरलेलं असेल तर पळता येत नाही, रिकामं असेल तर तिसऱ्या सेटला पाय गळतात. मग साधा भात किंवा पास्ता, थोडं चिकन, दीड-दोन तास आधी. सामना लांबला की आणखी अर्धं केळं. पाठ आखडू नये म्हणून दर वीस मिनिटांनी उठायचं. कानात गाणी. समोरच्या टीव्हीवर आधीच्या सामन्याचा गुणफलक, आणि नको असलेले टायब्रेकर.

कोर्टं शहराच्या उत्तरेला, ओबुडा भागातल्या रोमाई अकादमीत आहेत. प्राचीन रोमन वसाहतीचे अवशेष याच भागात आहेत. माणसं शहरातून उपनगरी रेल्वेने येतात, पोरांना खांद्यावर घेऊन, टोप्या घालून. फुटबॉल आणि वॉटरपोलोच्या या देशात टेनिसला गर्दी होते ती कुणातरी एका नावासाठी.

अशी नावं हंगेरीत मोजकी झाली. योझेफ आस्बोटने १९४७ साली फ्रेंच अजिंक्यपद जिंकलं. पुढच्या वर्षी त्याला विम्बल्डनला जाऊ द्यावं म्हणून स्वीडनचा टेनिसवेडा राजा गुस्ताफ पाचवा मध्ये पडला होता, आणि गडी उपांत्य फेरीपर्यंत गेला. झुझा क्योरमोत्सीने १९५८ मध्ये फ्रेंच जिंकलं तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. ग्रँड स्लॅम एकेरी जिंकलेली एकमेव हंगेरियन बाई तीच. नंतर बालाझ तारोत्सी. त्याने हॉलंडमधली हिल्व्हरसमची स्पर्धा सहा वेळा मारली आणि १९८५ मध्ये हाइन्झ ग्युंटहार्टबरोबर विम्बल्डनची दुहेरी. आंद्रेआ तेमेश्वारी सतराव्या वर्षी, १९८३ मध्ये, इटालियन ओपन जिंकली, जगात सातव्या क्रमांकापर्यंत गेली, १९८६ मध्ये मार्टिना नवरातिलोवाबरोबर फ्रेंच दुहेरीही. तिचीही कारकीर्द दुखापतींनी कुरतडली.

म्हणजे दर दहा-पंधरा-वीस वर्षांनी एक. २००७ मध्ये सावॉय आली ती या रांगेत. वर्षाच्या सुरुवातीला ती पहिल्या १५० मध्येही नव्हती. जुलैत पालेर्मोला पहिलं विजेतेपद, अंतिम सामन्यात ६-०, ६-१. मग न्यू हेवन, मग न्यूयॉर्क. सप्टेंबरमध्ये बीजिंगला अंतिम सामन्यात येलेना यांकोविच समोर. पहिला सेट टायब्रेकरवर गेला, दुसऱ्यात यांकोविचला मॅच पॉइंट मिळाला. सावॉयने तो वाचवला आणि सामना ६-७, ७-५, ६-२ असा खेचून आणला. वर्षअखेर क्रमांक २०, आणि महिला टेनिस संघटनेचा वर्षातल्या नवोदित खेळाडूचा पुरस्कार. आपल्याकडे ते वर्ष सानिया मिर्झाचं. मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली सानिया त्याच ऑगस्टमध्ये २७ व्या क्रमांकावर पोचली होती. एकेरीत ती त्याच्या वर कधी गेली नाही, आणि तिलाही शेवटी गुडघ्याने आणि मनगटाने दुहेरीकडे वळवलं. तेव्हा आपण वर्तमानपत्रांतून सानियाचे निकाल शोधत होतो. हंगेरीत तसंच सावॉयचं चाललं असणार.

एप्रिल २००८ मध्ये ती तेराव्या क्रमांकावर पोचली. वय एकोणीस.

दुपारी २.००

‘तयार राहा’ असा निरोप येतो. घोट्यांना पट्टी, कमरेला आधाराची चिकटपट्टी, केसांची वेणी घट्ट. पुन्हा दहा मिनिटं दोरी. मार्गिकेत प्रतिस्पर्धी शेजारी उभी असते. एकमेकींकडे बघायचं नाही असा अलिखित नियम आहे. नावं पुकारली की गर्दीतून ‘हॉयरा, आगी!’ अशी आरोळी उठते. हॉयरा म्हणजे त्यांचं ‘चल, होऊन जाऊ दे’.

दुपारी २.२० ते ४.३०

नाणेफेक, पाच मिनिटांचं नॉकिंग, आणि खेळ सुरू. दोन गुणांमध्ये तेव्हा वीस सेकंद, बाजू बदलताना दीड मिनिट, सेट संपला की दोन मिनिटं. पहिल्या सात गेमनंतर नवे चेंडू, पुढे दर नऊ गेमनंतर. मातीवर चेंडूंची लव लवकर फुगते, ते जाड आणि संथ होतात. नवे आले की पहिल्या गेममध्ये सर्व्हिस करणारीचं फावतं, हे गणित खेळाडूच्या डोक्यात सतत चालू असतं. बुटाच्या तळाच्या खाचांत माती बसते, ती रॅकेटने ठोकून काढायची.

२००९ पासून महिलांच्या टूरवर एका सेटमध्ये एकदा प्रशिक्षकाला खुर्चीजवळ बोलवायची मुभा होती. ग्रँड स्लॅममध्ये मात्र ही सोय नव्हती. मला ती पद्धत कधी आवडली नाही. टेनिसचं सगळं नाट्य एकटेपणात आहे. त्या वर्षीच्या बुडापेस्टच्या अंतिम सामन्यात सावॉयचा पहिला सेट २-६ असा गेला. समोर पॅटी श्नायडर होती. स्वित्झर्लंडची ही डावखुरी खेळाडू भलतीच चलाख, चेंडूला पीळ देऊन कोनात काढणारी. अशा वेळी घरचं मैदान ओझं होतं. हजारो लोक एकदम गप्प होतात आणि त्या गप्प बसण्यात ‘अरेरे’ ऐकू येतं. पुढचे दोन सेट तिने ६-४, ६-२ असे घेतले. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा श्नायडरच, पण या वेळी सरळ दोन सेट, ६-२, ६-४.

पण तिचा एकच सामना पाहायचा असेल तर मी बुडापेस्टचा सुचवणार नाही. मे २००९, पॅरिस, फ्रेंच ओपनची तिसरी फेरी, समोर व्हीनस विल्यम्स. व्हीनसला तिसरं मानांकन होतं, सावॉयला एकोणतिसावं. पहिला सेट ६-०. व्हीनसला एकही गेम नाही! दुसरा ६-४. विल्यम्स भगिनी चिडल्या की दुसऱ्या सेटमध्ये काय करतात हे साऱ्या जगाला माहीत होतं. म्हणून मला तिच्या ६-० पेक्षा त्यानंतरचे ६-४ मोठे वाटतात. पुढच्याच फेरीत डॉमिनिका सिबुल्कोवाने तिला दोन सेटमध्ये हरवलं. सावॉयचं असंच होतं: डोंगर चढून जायची आणि उतारावर पाय घसरायचा. लोकांना अशी माणसं आवडतात. नेहमी जिंकणाऱ्यांचा आदर करतात, पण जीव लावतात तो अशांना.

दुपारी ४.४५

सामना संपला तरी दिवस संपत नाही. कोर्टाच्या दारातच उत्तेजक चाचणीची बाई कागद घेऊन उभी असते. त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत ती सावलीसारखी मागे. दोन तास घाम गाळल्यावर लघवी लगेच होत नाही, मग बाटल्यांवर बाटल्या पाणी प्यायचं आणि त्या बाईच्या नजरेसमोर बसून राहायचं. यात नाट्य काही नाही, पण गावाकडून बघायला आलेली आई बाहेर तासभर ताटकळते ती याच्यामुळे.

सायकलवर पंधरा मिनिटं, बर्फाच्या पाण्यात कमरेपर्यंत दहा मिनिटं. मग पत्रकार. आधी इंग्रजीत, मग मायबोलीत, आणि मायबोलीतली मुलाखत नेहमी लांबते. एक प्रश्न ठरलेला असतो: ‘पाठ कशी आहे?’ उत्तरही ठरलेलं.

सायंकाळी ६.००

कुंपणापाशी पोरं. हातात फुटबॉलएवढे पिवळे टेनिस चेंडू, टोप्या, तिकिटांचे तुकडे. सही करताना पेनातली शाई संपते, दुसरं पेन येतं. खेळाडू किती काळ लक्षात राहील हे इथे ठरतं असं मला वाटतं. क्रमांक दर सोमवारी बदलतो. पण आठ वर्षांच्या मुलीच्या टोपीवरची सही तिच्या कपाटात वीस वर्षं राहते, आणि ती मुलगी मोठी होऊन आपल्या मुलीला टेनिसच्या वर्गाला घालते. निवृत्तीनंतरही सावॉयचं नाव हंगेरीत आपुलकीने निघतं, त्यामागे पाच एकेरी विजेतेपदं आहेतच. पण त्यांतली दोन राजधानीत, लोकांच्या डोळ्यांसमोर मिळवलेली आहेत, हे जास्त महत्त्वाचं. पालेर्मो आणि बीजिंग टीव्हीवर पाहिलं. बुडापेस्टला ते स्वतः हजर होते.

सायंकाळी ७.१५

कधी कधी याच दिवशी दुहेरीचा सामनाही असतो. दुहेरीत ४०-४० झालं की पुढचा एकच गुण निर्णायक, आणि एक-एक सेट झाला तर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर. लवकर संपतं. दमलेल्या शरीराला तेही पुष्कळ होतं.

रात्री ८.३०

हिशेब. या दर्जाच्या स्पर्धेत तेव्हा एकूण बक्षीस २,२०,००० डॉलर असायचं, विजेतीला ३७,०००. आकडा मोठा वाटतो. त्यातून कर, प्रशिक्षकाचा पगार, फिजिओ, विमानं, हॉटेलं, तारा. पहिल्या फेरीत हरलेल्या आठवड्यांचाही खर्च यातूनच. ज्या आठवड्यात पाठ म्हणते ‘आज नको’, त्या आठवड्यात उत्पन्न शून्य आणि प्रशिक्षकाचा पगार मात्र चालू. म्हणून खेळाडू दुखणं अंगावर काढतात. शिवाय गुण: या विजेतेपदाचे तेव्हा २८०, आणि ते बरोबर एका वर्षाने गळून पडतात. गेल्या वर्षी जिंकलेली स्पर्धा या वर्षी पुन्हा जिंकली तर क्रमांक जागच्या जागी राहतो. पोट भरायला दळलेलं पीठ पुन्हा दळावं लागावं, तसला हा धंदा.

रात्री ९.३०

बॅग भरायची. बुडापेस्टनंतरच्या आठवड्यात प्रागची स्पर्धा. तिचा अर्ज कित्येक आठवडे आधीच गेलेला असतो, तेव्हा बुडापेस्ट जिंकणार की पहिल्या फेरीत हरणार हे कुणाला माहीत नसतं. बत्तीस जणींच्या ड्रॉमध्ये जिंकायला पाच सामने लागतात. २०१० च्या जुलैत सावॉयने बुडापेस्ट जिंकलं आणि लगोलग प्रागही, अंतिम सामना ६-२, १-६, ६-२. पंधरवड्यात दहा सामने, दहाही जिंकले. तिच्या कारकिर्दीतला हा सर्वांत भरघोस पंधरवडा, आणि एकविसाव्या वर्षी मिळवलेलं तिचं ते शेवटचं विजेतेपद.

त्यानंतर मणका. महिनोन्‌महिने बाहेर, थोडं परत, पुन्हा बाहेर. जानेवारी २०१२ मध्ये व्हिक्टोरिया अझारेंका ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली. सात वर्षांपूर्वी विम्बल्डनला तिच्या शेजारी उभी राहून खेळलेली मुलगी तेव्हा उपचारांत अडकलेली होती. दीर्घ दुखापतग्रस्तांसाठी राखून ठेवलेल्या मानांकनाच्या आधारे ती त्या वर्षी लंडन ऑलिंपिकला उतरली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. चोविसावं वर्ष, कारण पाठ.

तिच्यानंतर टिमेआ बाबोश आली. तिने दुहेरीत ग्रँड स्लॅम जिंकली, एकाहून जास्त वेळा. एकेरीत ती पंचविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. सावॉयचा तेरावा क्रमांक त्यानंतर एकाही हंगेरियन बाईला गाठता आलेला नाही. नवी कुणी पहिल्या पन्नासात शिरली की तिकडच्या बातमीत हा आकडा येतोच.

रात्री १०.३०

फिजिओ शेवटचं दार ठोठावतो. पुन्हा पालथं झोपायचं, पुन्हा तोच अंगठा. उद्या सराव साडेनऊला, कोर्ट चार, दुसऱ्या एकीबरोबर वाटून.